नानांचं ‘डाकोटा’

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव, असा निरोप आपल्या बॅचच्या ग्रुपवर आला, तेव्हा शाळेच्या आठवणी लिहायच्या असंच मी ठरवलं होतं. पण पावसाळ्यातली गळकी वर्गखोली, मोऱ्याच्या लाँचने काढलेली सहल आणि गणिताच्या सरांचा डस्टर यांवर आपल्यातले निम्मे जण लिहिणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून मी एका फोटोची गोष्ट सांगते. गोष्ट दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची आहे, पण तिचा शेवट आपल्याच शाळेपाशी होतो.

आमच्या उरणच्या जुन्या घराची दुरुस्ती काढली, तेव्हा माळ्यावरची एक पत्र्याची ट्रंक खाली आली. ती नानांची, म्हणजे माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाची. नाना हवाई दलात फिटर होते. नोकरी संपवून गावी आल्यावर करंजाला मच्छीमारांच्या होड्यांची डिझेल इंजिनं दुरुस्त करत. मी आठवीत असताना ते गेले. ट्रंकेत एक गणवेश, काही पाने, पक्कड आणि पोस्टकार्डाएवढा एक काळापांढरा फोटो होता. एका मोठ्या विमानापुढे अर्ध्या चड्डीतली सहा माणसं उभी, त्यांत डावीकडून तिसरे नाना. मागे पेन्सिलीने एवढंच लिहिलेलं: लोहगाव, १९५३.

हा फोटो घरात सगळ्यांनी पाहिलेला होता आणि त्याला नावही होतं, ‘नानांचं डाकोटा’. बाबाही तसंच म्हणायचे. आमच्या घरात कुठलंही जुनं विमान म्हणजे डाकोटाच. या वेळी मात्र विमानवेडा भाचा शेजारी बसला होता. त्याने फोटो हातात घेतला आणि विचारलं, “आत्या, डाकोटाला दोन शेपट्या असतात का?”

नसतात. आणि तिथून माझे पुढचे काही महिने गेले.

जुनं विमान ओळखायची एक रीत आहे. आपण जीवशास्त्रात वनस्पती ओळखायचो तशीच ती असते: एकेक प्रश्न विचारायचा आणि एकेक शक्यता खोडत जायची. डाकोटाला इंजिनं दोन, शेपटीचा उभा पंखा एकच आणि मागच्या बाजूला लहान चाक, त्यामुळे ते जमिनीवर नाक वर करून बसतं. नानांच्या फोटोतलं विमान अगदी आडवं, सपाट उभं आहे, म्हणजे त्याला नाकाखाली चाक आहे. शेपटीला दोन उभे अंडाकृती पंखे आहेत. मिचेल नावाच्या अमेरिकन बॉम्बरलाही दोन पंखे आणि नाकाखाली चाक असतं, पण त्याला इंजिनं दोनच. फोटोत पंख अर्धाच आलाय आणि त्या अर्ध्यावरच दोन इंजिनं दिसतात, म्हणजे एकूण चार. ब्रिटिश लँकेस्टरला चार इंजिनं आणि दोन पंखे असतात खरे, पण त्याचं लहान चाक शेपटीखाली. पंख पाठीच्या उंचीवर बसवलेला, पोट जमिनीला टेकेल इतकं खाली आलेलं आणि पोटाच्या कडेला दुकानाच्या शटरसारखा वर गुंडाळत जाणारा पन्हळी दरवाजा. एवढ्या खुणा एकत्र जुळणारं विमान एकच, बी-२४ लिबरेटर.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ही विमानं १८,००० हून जास्त बनवली. इतक्या संख्येने दुसरं कुठलंही अमेरिकन लढाऊ विमान बनलेलं नाही. डेट्रॉइटजवळच्या फोर्डच्या विलो रन कारखान्यातून १९४४ मध्ये ऐन भरात तासाला एक लिबरेटर बाहेर पडत होतं. पंखांचा विस्तार ११० फूट, प्रत्येकी १,२०० अश्वशक्तीची चार इंजिनं, आत साधारण दहा माणसं. हे विमान लांबचा पल्ला गाठायचं, म्हणून ब्रिटिशांनी ते भारतात आणलं आणि इथल्या तळांवरून ब्रह्मदेशातल्या जपानी फौजांवर बॉम्बहल्ले केले.

पण युद्ध तर १९४५ मध्ये संपलं. मग १९५३ मध्ये लोहगावला, नानांच्या पाठीमागे, हे विमान काय करत होतं?

याचं उत्तर कानपूरच्या भंगारात आहे. ब्रिटिशांना ही विमानं अमेरिकेने उसनवारीच्या करारावर दिलेली होती. युद्ध संपल्यावर ती परत करायची, विकत घ्यायची किंवा निकामी करून टाकायची, एवढेच मार्ग होते. भारतातली बरीच लिबरेटर कानपूरच्या चकेरी तळावर गोळा झाली आणि ती पुन्हा उडू नयेत अशा बेताने मोडली गेली. उपकरणं फोडली, वायरी कापल्या, इंजिनांत वाळू ओतली, अशी वर्णनं वाचायला मिळतात. मग ती तशीच ऊन-पावसात सोडून दिली गेली.

स्वातंत्र्यानंतर भारताला लांब पल्ल्याच्या बॉम्बरची गरज होती आणि ती विकत घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा कुणीतरी कानपूरच्या भंगाराकडे बोट दाखवलं. काम सोपवलं गेलं बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट या कारखान्याकडे. हा कारखाना डिसेंबर १९४० मध्ये काढला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. मी सांगलीच्या ज्या कॉलेजातून इंजिनिअरिंग केलं, त्याच्या फाटकावर त्यांचंच नाव आहे. चार वर्षं त्या फाटकातून मी ये-जा केली, पण हा माणूस आणि आमच्या माळ्यावरचा फोटो यांचा काही संबंध असेल, हे कधी मनातही आलं नाही. युद्धाच्या काळात १९४३ मध्ये अमेरिकन सैन्याने हा कारखाना विमानदुरुस्तीसाठी ताब्यात घेतला होता. त्यामुळे तिथल्या भारतीय कामगारांचे हात या जातीच्या विमानांवर आधीच बसलेले होते. मोडणाऱ्यांनी ही गोष्ट बहुधा हिशेबात धरली नसावी.

१९४८ मध्ये बंगळूरची तुकडी कानपूरला गेली. एका विमानाचं इंजिन, दुसऱ्याचा पंख, तिसऱ्याची चाकं असं जमवून एकेक विमान उडण्याजोगं केलं. मग ते सुमारे १,५०० किलोमीटर लांब बंगळूरला उडवत न्यायचं आणि तिथे पूर्ण खोलून पुन्हा बांधायचं. ही अर्धी बरी झालेली विमानं उडवत न्यायचं काम कारखान्याचे मुख्य चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी केलं. अशी एकूण ४२ लिबरेटर विमानं पुन्हा उभी राहिली. नोव्हेंबर १९४८ मध्ये भारतीय हवाई दलाच्या ५ नंबरच्या स्क्वाड्रनला ती मिळाली आणि १९५१ पासून पुण्याला लोहगावच्या ६ नंबरच्या स्क्वाड्रनला. या दुसऱ्या स्क्वाड्रनचं काम होतं समुद्रावर लांबवर गस्त घालायची.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे दुसऱ्याने वीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला, कागदपत्रं नसलेला कोड हातात आला की सगळ्यांचे चेहरे पडतात. लिहिणारा सोडून गेलेला असतो, आणि एक ओळ बदलावी तर भलतीकडेच काहीतरी मोडतं. कानपूरला तर लिहिणाऱ्यानेच जाताना मुद्दाम मोडतोड करून ठेवली होती. तरी या लोकांनी ते उघडून, समजून घेऊन पुन्हा चालवलं आणि पुढे वीस वर्षं सांभाळलं.

सांभाळणं हे शब्दात छोटं वाटतं. आपण मिठागरांच्या गावची माणसं. खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज कसे खाल्ले जातात, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. विमानाचा पत्रा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. तो लोखंडासारखा लाल गंजत नाही, पण मीठ बसलं की त्याला पांढरी भुकटी सुटते आणि आतून पापुद्रे निघतात. अॅल्युमिनियमच्या पत्र्याला पोलादी बोल्ट जिथे टेकतो, तिथे ओल आणि मीठ मिळालं की विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते आणि पत्रा झिजत जातो. समुद्रावरून आलेलं विमान म्हणून गोड्या पाण्याने धुवावं लागतं. संशय आला तिथले रिव्हेट ड्रिलने उडवून पत्रा उचलायचा, आतली पट्टी तपासायची, साफ करायची, रंग द्यायचा आणि नवे रिव्हेट मारायचे. हे वाचताना मला नाना आठवले. करंजाच्या धक्क्यावर होडी लागली की ते आधी ओरडायचे, “इंजिनाला गोडं पाणी मारा रे, मग घरी जा!” तेव्हा आम्हाला वाटायचं, म्हातारा उगाच कटकट करतो.

भारतीय हवाई दलाने लिबरेटर वापरणं थांबवलं ते १९६८ च्या अखेरीस. तोवर जगात इतरत्र ती जवळजवळ संपली होती. अमेरिकेने हजारो विमानं वितळवून टाकली होती. मग तिथल्या आणि युरोपातल्या संग्रहालयांना जाग आली, तेव्हा चालत्या अवस्थेतली लिबरेटर कुठे मिळतील याचं एक उत्तर भारत हे होतं. एक कॅनडाला गेलं आणि त्याच्या बदल्यात आपल्याला लायसँडर हे दुसरं जुनं विमान मिळालं. एक अमेरिकेत अॅरिझोनाच्या पिमा संग्रहालयात गेलं. एक १९७४ मध्ये ब्रिटनला गेलं. आणखी एक १९८१ मध्ये एका ब्रिटिश संग्राहकाने विकत घेतलं. पुढे ते अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे आलं, तिथे त्याच्यावर काही वर्षं काम झालं आणि १९८९ मध्ये ते पुन्हा उडालं. एक आपल्या दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे, क्रमांक एचई ९२४. आज जगात पूर्ण अवस्थेतली लिबरेटर जेमतेम डझनभर उरली आहेत. त्यांतली जवळजवळ निम्मी एकेकाळी भारतीय हवाई दलाची होती, म्हणजेच कानपूरच्या भंगारातून उठलेली.

२०१९ मध्ये कंपनीच्या कामासाठी मी लंडनला गेले होते. एका रविवारी भाच्याच्या आग्रहावरून हेंडनचं विमान संग्रहालय बघितलं. तिथे एका मोठ्या विमानापुढे त्याच्यासाठी फोटो काढले आणि पुढे गेले. ते लिबरेटर होतं, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं. नानांचा फोटो ओळखू आल्यावर मी मोबाइलमधले ते फोटो पुन्हा उघडले.

हे विमान म्हणजे १९७४ मध्ये आपण दिलेलं एचई ८०७. मात्र आज त्याच्यावर ब्रिटिश हवाई दलाचे रंग आहेत आणि त्यांचा जुना क्रमांक, केएन ७५१. तो खोटा नाही. १९४५ मध्ये कोकोस बेटांवरच्या ब्रिटिशांच्या ९९ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये ते याच क्रमांकाने उडत होतं. पण तो काळ काही महिन्यांचा. त्यानंतर सुमारे वीस वर्षं त्याला आपल्या माणसांनी उडवलं, धुतलं, उघडलं, जोडलं. ती वीस वर्षं आता रंगाच्या खाली आहेत. कॉलिंग्जच्या विमानाचं तर आणखी गमतीचं. ते युद्धाच्या काळात ब्रिटिशांकडे आणि नंतर भारताकडे होतं, पण रंगवलं गेलं ते अमेरिकन विमान म्हणून, तेही तीन वेळा, तीन वेगवेगळ्या नावांनी.

यात कुणाची लबाडी आहे असं मला म्हणायचं नाही. जुन्या वस्तूचा जीर्णोद्धार करताना तिच्या आयुष्यातला कुठला काळ दाखवायचा ते ठरवावंच लागतं. एकाच पत्र्यावर सगळे रंग मावत नाहीत. आपणही हेच करतो. २०१८ मध्ये भारतात आलेलं ‘परशुराम’ हे डाकोटा घ्या. त्याच्यावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला शीख रेजिमेंटचे पहिले सैनिक घेऊन उतरलेल्या डाकोटाचा तो क्रमांक. आजचं विमान ते नव्हे. क्रमांक स्मरण म्हणून दिलेला आहे. रंग म्हणजे आपण काय लक्षात ठेवायचं ठरवलंय त्याची पाटी. ती पाटी कोण रंगवतो, यावर मात्र बरंच काही ठरतं. लढणाऱ्याचा रंग राहतो, दुरुस्ती करणाऱ्याचा कुणी लावत नाही.

आणि काही गोष्टींना तर रंगही मिळत नाही. आपल्यातले जे मोऱ्याच्या लाँचने मुंबईला ये-जा करायचे, त्यांना २०१४-१५ मधली विक्रांत आठवत असेल. भाऊच्या धक्क्याच्या जवळ, दारूखान्याला, तिचे तुकडे होत होते. तीही त्याच महायुद्धातली. १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये बांधायला घेतलेली आणि सप्टेंबर १९४५ मध्ये पाण्यात उतरलेली ही बोट ४ मार्च १९६१ ला आपली विक्रांत झाली. १९७१ चं युद्ध लढली, १९९७ मध्ये निवृत्त झाली, २००१ पासून काही वर्षं तरंगतं संग्रहालय होती. भाच्यांना घेऊन मी तिच्या डेकवर फिरलेय. पण एवढं मोठं लोखंड खाऱ्या पाण्यात सांभाळणं परवडेना, म्हणून ती लिलावात गेली. तिच्यावरची सी हॉक आणि अलिझे जातीची विमानं गोव्यात बोगमाळ्याच्या नौदल संग्रहालयात आहेत. तिथेच एक सुपर कॉन्स्टेलेशनही उभं आहे. लिबरेटरच्या जोडीला नानांच्या ६ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये याच जातीची विमानं आली आणि तिथून ती नौदलाकडे गेली. उरणकरांना या गोष्टीच्या जवळ जायचं असेल तर दिल्ली-लंडनपेक्षा गोवा बरं. पुढच्या वेळी समुद्रावर जाताना एक तास तिथे द्या.

सगळंच राखता येत नाही, हे मला कळतं. पण कानपूरची विमानं वाचली आणि दारूखान्याची बोट गेली, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक फरक दिसतो. कानपूरला भंगाराच्या ढिगापुढे उभं राहून ‘यातलं हे अजून चालेल’ असं ओळखणारी माणसं होती. नेमकी त्यांचीच नावं आपल्याला ठाऊक नाहीत. वालचंद ठाऊक आहेत, मुन्शी ठाऊक आहेत. रिव्हेट मारणारे ठाऊक नाहीत.

परत फोटोकडे येते. नाना आणि त्यांच्या शेजारचा माणूस यांच्या खांद्यांमधून विमानाचा क्रमांक थोडा दिसतो: एचई, मग आठ आणि पुढचे आकडे खांद्याआड. हेंडनचं विमान एचई ८०७ आहे, म्हणजे तेच असू शकेल. आठाने सुरू होणारे दुसरेही क्रमांक होते, म्हणजे नसूही शकेल. लंडनला मी ज्याच्यापुढे उभी होते, ते नानांच्या हातचं होतं असं लिहायचा मोह मला फार झाला. पण खांद्याआडचे दोन आकडे मी मनाने भरले, तर ‘नानांचं डाकोटा’ म्हणणाऱ्यांत आणि माझ्यात फरक काय राहिला?

मला जास्त लागलं ते वेगळंच. खांद्याआड विमानाचे दोन आकडे गेले, पण त्या सहा माणसांतल्या पाच जणांची नावंच गेली. फोटोमागे जागा भरपूर होती आणि लिहायला पेन्सिलही हातात होती, तरी लोहगाव आणि साल लिहून नाना थांबले. त्यांना वाटलं असेल, ही नावं कोण विसरणार! आणि आम्ही नाना असेपर्यंत त्यांना विचारलं नाही. मी तर खराडीच्या ऑफिसात बसते. लोहगावच्या विमानांच्या आवाजाने आमच्या मीटिंग थांबतात. ते सहा जण जिथे उभे होते ती धावपट्टी तिथून जेमतेम काही किलोमीटरवर आहे, आणि हे मला पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर, एका मुलाच्या प्रश्नामुळे कळलं.

म्हणून या मेळाव्याच्या निमित्ताने माझी एक विनंती आहे. आपल्या दहावीचा ग्रुप फोटो काढून बघा. मागच्या रांगेत उजव्या टोकाला घंटा वाजवणारे शिपाईकाका उभे आहेत, त्यांच्या शेजारी पाणी भरणाऱ्या मावशी. मी आमच्या ग्रुपवर त्यांची पूर्ण नावं विचारली. ‘काका’ आणि ‘मावशी’ यापुढे कुणालाच सांगता आलं नाही. शाळेच्या हजेरीपटात आपण सगळे आहोत. ते दोघं पगारपत्रकात असतील, तेही अजून जपलेलं असेल तर. मेळाव्याला येताना घरातले जुने फोटो आणा. त्यांच्या मागे मऊ पेन्सिलीने, पेनाने नको, डावीकडून उजवीकडे नावं लिहून ठेवू. ज्यांना आठवतात ते सर आणि बाई अजून आपल्यात आहेत तोवरच हे करायला हवं.

आणि उरण, पनवेल, अलिबाग भागात कुणाच्या घरी लोहगावला नोकरी केलेला आजा, काका असेल, तर त्याची ट्रंक एकदा उघडा. दोन शेपट्यांच्या विमानापुढे उभी असलेली सहा माणसं दिसली तर मला कळवा. डावीकडून तिसऱ्याचं नाव मी लिहून ठेवलंय. पाच जागा रिकाम्या आहेत.